बंध तुटला की ऊर्जा सुटते का? जीवरसायनाच्या प्राथमिक शंकांचा धागा

पहिलंवर्ष

नमस्कार मंडळी. जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे आणि जीवरसायनाच्या पहिल्याच प्रकरणात अडकलोय. रसायनशास्त्राच्या तासाला शिकलो की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते. लगेच पुढच्या तासाला जीवशास्त्रात ऐकलं की एटीपीमधला (पेशी कामासाठी वापरते त्या तीन फॉस्फेटवाल्या रेणूमधला) शेवटचा फॉस्फेट बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? वर्गात विचारलं तर ‘तो उच्च-ऊर्जा बंध असतो’ एवढ्यावर बोळवण झाली. कोणी नीट समजावेल का? बाकीच्या शंकाही इथेच विचारीन म्हणतो.

निवांत

विचार की, धागे त्यासाठीच असतात. मी पहिल्या बाकावर बसलोय.

सूक्ष्मदर्शी

शंका अगदी मोक्याची आहे. रसायनशास्त्राच्या तासाला शिकलास ते बरोबर. कुठलाही बंध तोडायचा तर पदरची ऊर्जा घालावी लागते, एटीपीमधला बंधही त्यातून सुटत नाही. घोळ आहे तो जीवशास्त्राच्या पुस्तकांतल्या अर्धवट वाक्याचा.

एटीपीचं जलविघटन होतं तेव्हा बंध नुसता तुटत नाही, पाण्याचा रेणू मध्ये पडतो. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तुटतो, पाण्यातला एक ऑक्सिजन-हायड्रोजन बंधही तुटतो आणि त्यांच्या जागी नवे बंध जुळून एडीपी (म्हणजे एक फॉस्फेट कमी झालेला एटीपी) आणि सुटा फॉस्फेट तयार होतो. तोडण्यात काय गेलं, जुळण्यात काय मिळालं, शिवाय एन्ट्रॉपीत, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणात, काय फरक पडला, असा सगळा हिशेब मांडला की जी शिल्लक उरते तिला मुक्त ऊर्जेतला बदल म्हणतात. प्रमाणित परिस्थितीत तो मोलमागे उणे ३०.५ किलोज्यूल आहे. हा आकडा संपूर्ण अभिक्रियेचा आहे. त्या एका बंधाच्या पोटात तो दडून बसलेला नव्हता.

आता ही शिल्लक का उरते, ते बघ. एटीपीच्या शेपटीला तीन फॉस्फेट गट ओळीने आहेत आणि पेशीतल्या पीएचला त्यांच्यावर मिळून जवळजवळ चार ऋण प्रभार असतात, तेही एकमेकांना खेटून. एक गट सुटला की हे प्रतिकर्षण कमी होतं. सुट्या फॉस्फेटमध्ये ऋण प्रभार चारही ऑक्सिजनवर पसरू शकतो. साखळीत अडकलेला असताना ती मोकळीक त्याला नसते. त्यात एडीपी आणि फॉस्फेट यांच्याभोवती पाण्याचे रेणू जास्त चांगले जमतात. थोडक्यात, अभिकारकांपेक्षा उत्पादिते जास्त स्थिर आहेत.

शंकासुर

आम्हाला दाबलेल्या स्प्रिंगचं उदाहरण देत. तीन ऋण गट म्हणजे दाबून धरलेली स्प्रिंग, बंध म्हणजे तिला धरून ठेवणारी कडी. कडी काढली की स्प्रिंग सुटते. हे चालेल ना?

उलटतपासणी

प्रतिकर्षणापुरतं चालेल, पुढे नाही. स्प्रिंगमध्ये किती ऊर्जा आहे ते फक्त स्प्रिंगवर ठरतं. एटीपीपासून किती मुक्त ऊर्जा मिळणार हे भोवती एडीपी आणि फॉस्फेट किती आहे त्यावरही ठरतं. पुस्तकातला ३०.५ हा आकडा सगळे घटक एक मोलर असताना आणि पीएच ७ असतानाचा. कुठल्याही पेशीत अशी परिस्थिती नसते.

हिशेब करूनच दाखवतो, कारण वर्गात बहुधा हा भाग गाळतात. समजा एटीपी एडीपीच्या दहापट आहे आणि सुटा फॉस्फेट ५ मिलिमोलर आहे. एडीपी गुणिले फॉस्फेट भागिले एटीपी म्हणजे ०.१ गुणिले ०.००५, उत्तर ०.०००५. याचा नैसर्गिक लॉगॅरिदम उणे ७.६. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, वायुस्थिरांक गुणिले तापमान होतं सुमारे २.५८ किलोज्यूल. दोहोंचा गुणाकार उणे १९.६. तो उणे ३०.५ मध्ये मिळवला की मोलमागे उणे ५० किलोज्यूलच्या आसपास येतो. पेशीतला खरा आकडा हा असा असतो.

आता उलट बाजूने बघा. एटीपी, एडीपी आणि फॉस्फेट यांना समतोलापर्यंत जाऊ दिलं तर एटीपी जवळजवळ शिल्लकच राहणार नाही. पेशी हे प्रमाण समतोलापासून कोट्यवधी पटींनी दूर धरून ठेवते. माझ्या मते पहिल्या वर्षाला शिकवायची मुख्य गोष्ट हीच आहे. ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरलेली नाही, ती त्या असमतोलात आहे. समतोलाला पोचलेल्या द्रावणात एटीपी, एडीपी, फॉस्फेट सगळे रेणू हजर असतात, पण त्यांच्याकडून कणभर काम होत नाही.

निवांत

हे भारी आहे. ‘एटीपी म्हणजे ऊर्जा’ असं लिहून आम्ही गुण मिळवले होते. :)

पहिलंवर्ष

खूप आभार, सूक्ष्मदर्शी ताई आणि उलटतपासणी सर. हिशेब कागदावर करून बघितला, जमला. पण त्यातूनच पुढची शंका निघाली. उत्पादिते इतकी स्थिर असतील तर पेशीतल्या पाण्यात एटीपी आपोआप का फुटत नाही? चहूकडे पाणीच तर आहे.

सूक्ष्मदर्शी

अभिक्रिया कुठल्या दिशेला जाईल हा एक प्रश्न आणि किती वेगाने जाईल हा दुसरा. दोन्हींची उत्तरं स्वतंत्र असतात. मुक्त ऊर्जा दिशा सांगते. वेग ठरतो सक्रियण ऊर्जेवर, म्हणजे मधल्या अवघड अवस्थेपर्यंत पोचायला जेवढी ऊर्जा लागते तिच्यावर. पाण्याचा रेणू फॉस्फरसवर चाल करून जातो तेव्हा भोवतालचे ऋण प्रभारित ऑक्सिजन त्याला सहजासहजी जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे एन्झाइमशिवाय, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनाशिवाय, एटीपी पाण्यात बराच काळ टिकतो.

पेशीच्या दृष्टीने हे सोयीचंच. एटीपी कधी आणि कुठे फुटायचा हे त्यामुळे एन्झाइमच्या हाती राहतं.

एन्झाइमबद्दल एक गोष्ट आत्ताच पक्की करून ठेव. एन्झाइम समतोल हलवत नाही. जी अभिक्रिया अखेरीस जिथे थांबणार ती तिथेच थांबते, फक्त लवकर पोचते. सक्रियण ऊर्जा कमी होते ती जातानाच्या आणि परतीच्या, दोन्ही वाटांची. उदाहरण म्हणून कार्बोनिक अनहायड्रेज घे. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन करणारं हे एन्झाइम लाल रक्तपेशींत असतं आणि त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख अभिक्रिया उरकतो. ऊतींमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथे अभिक्रिया बायकार्बोनेटकडे जाते. फुप्फुसात तो बाहेर पडत असतो, तिथे तेच एन्झाइम तीच अभिक्रिया उलटी चालवतं. दिशा त्या त्या ठिकाणच्या प्रमाणांनी ठरली, एन्झाइमने नाही.

शंकासुर

मग ‘एटीपी फुटून ऊर्जा सुटते आणि ती दुसऱ्या अभिक्रियेला मिळते’ हे वाक्य तरी बरोबर का? सुटलेली ऊर्जा पेशी गोळा कशी करते?

सूक्ष्मदर्शी

गोळा करतच नाही, आणि म्हणून ते वाक्य मला खटकतं. एटीपी नुसता पाण्यात फुटला तर उष्णता होईल आणि संपलं. त्या उष्णतेवर पेशीला संश्लेषणाची कामं चालवता येत नाहीत.

ग्लुकोजचं उदाहरण घेऊ. पेशीत शिरल्यावर ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट लावला जातो. सुटा फॉस्फेट थेट लावायचा म्हटलं तर ही अभिक्रिया चढावरची आहे, मोलमागे अधिक १३.८ किलोज्यूल. हेक्झोकायनेज हे एन्झाइम काय करतं, तर एटीपीचा टोकाचा फॉस्फेट काढून सरळ ग्लुकोजच्या हाती देतं. मध्ये सुटा फॉस्फेट नाही, पाण्याशी अभिक्रिया नाही. एकूण बदल उणे १६.७. आधी स्फोट आणि मग वापर असे दोन टप्पे इथे नाहीत, एकच हस्तांतर आहे. स्नायूंमधल्या मायोसिनसारख्या प्रथिनांत एटीपीचं खरोखर जलविघटन होतं, पण तिथेही ते प्रथिनाच्या पकडीत होतं. एटीपीचं बसणं, फुटणं आणि तुकड्यांचं निघून जाणं यांच्याशी प्रथिनाचा आकार बदलणं जोडलेलं असतं.

जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये ‘उच्च-ऊर्जा’ फॉस्फेट बंधासाठी नागमोडी रेघेची खूण वापरली तेव्हा त्यांचा रोख या देवाणघेवाणीच्या क्षमतेवरच होता. या क्षमतेच्या क्रमात एटीपी सगळ्यात वर नाही. जलविघटनाचे आकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये बघ: फॉस्फोइनॉलपायरुव्हेट उणे ६१.९, क्रिएटिन फॉस्फेट उणे ४३.१, मग एटीपी उणे ३०.५ आणि बराच खाली ग्लुकोज-६-फॉस्फेट उणे १३.८. एटीपी मध्यावर आहे, म्हणूनच वरच्यांकडून फॉस्फेट घेऊन खालच्यांना देणं त्याला जमतं.

एक कोडं टाकते, पहिल्या वर्षातल्यांनीच सोडवा. हेक्झोकायनेजला ग्लुकोजऐवजी झायलोज दिली. ही पाच कार्बनची साखर, रचना ग्लुकोजसारखीच, पण सहावा कार्बन आणि त्यावरचा हायड्रॉक्सिल गट नाही. तर एटीपी फुटण्याचा वेग वाढतो, मात्र झायलोजला फॉस्फेट लागत नाही. असं का?

निवांत

मी पहिल्या वर्षात नाही हे बरंच झालं.

लिटमस

एटीपीचा प्रश्न बऱ्यापैकी निकालात निघालाय, तर पीएचवर थोडं लिहितो. प्रयोगशाळेत काम करतो आणि नव्याने आलेली मुलं ‘पीएच ७.४ वरून ७.१ झाला, फार काही नाही’ असं म्हणतात तेव्हा कपाळाला हात लावतो.

पीएच हे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचं लॉगॅरिदमचं माप आहे, आयन वाढले की पीएच उतरतो. सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये ते आणलं ते छोट्या छोट्या आकड्यांचा त्रास वाचावा म्हणून, पण त्याच सोयीमुळे फरक किती मोठा आहे ते झाकलं जातं. पीएच ७.४ म्हणजे लिटरमागे ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन. पीएच ७.१ म्हणजे ८० नॅनोमोल, थेट दुप्पट. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो.

आणि ४० नॅनोमोल म्हणजे किती कमी? रक्तद्रवात सोडियम आयन लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असतात, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या ३५ लाख पट. इतक्या थोड्या आयनांची शरीराला एवढी पत्रास का? कारण प्रथिनांवरचे आम्ल आणि आम्लारी गट या आयनांची सतत देवघेव करतात. गटावरचा प्रभार बदलला की प्रथिनाचा आकार आणि काम दोन्ही बदलतात.

‘७ म्हणजे उदासीन’ हेही २५ अंशालाच खरं. ३७ अंशाला शुद्ध पाण्याचा उदासीन बिंदू ६.८ च्या आसपास येतो.

उलटतपासणी

@लिटमस, एक खोच काढतो. बफर, म्हणजे पीएच फार हलू न देणारं मिश्रण, त्याच्या पीकेएच्या (ज्या पीएचला त्यातलं निम्मं आम्ल आयन सोडून बसलेलं असतं त्याच्या) आसपास, साधारण एक एकक वर-खाली, चांगलं काम करतं असं शिकवतात. रक्तातल्या बायकार्बोनेट बफरचा पीकेए ६.१. रक्त ७.४ वर. म्हणजे बफर पट्ट्याच्या बाहेर. तरी तोच रक्ताचा मुख्य बफर, हे कसं?

लिटमस

खोच योग्य ठिकाणी आहे. तो नियम बंद भांड्यासाठी आहे आणि रक्त बंद भांडं नाही. बायकार्बोनेट २४ मिलिमोलर, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोलर, प्रमाण वीसास एक. वीसचा लॉगॅरिदम (इथे दहाच्या पायाचा) १.३, तो ६.१ मध्ये मिळवला की ७.४. आता आम्ल आलं की बायकार्बोनेट ते टिपून घेतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बंद भांड्यात तो साठला असता आणि पीएच घसरला असता. इथे श्वास वाढतो आणि तो बाहेर जातो. तिकडे मूत्रपिंडं बायकार्बोनेट सांभाळतात, सावकाश. दोन्ही घटकांवर शरीराचा ताबा आहे, म्हणून पीकेए दूर असूनही बफर दमदार.

पहिलंवर्ष

लिटमस सर, हे वाचून आधी गोंधळलो, मग दोनदा वाचल्यावर उमगलं. आता प्रथिनांवर प्रश्न. प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक, चतुर्थक रचना पाठ केल्यात. पण अमिनो आम्लांची लांब साखळी नेमकी कुठे वळायचं ते ठरवते कशी? कुणी साचा पुरवतं का?

सूक्ष्मदर्शी

या प्रश्नावर क्रिस्टियन अॅनफिन्सेन यांचे प्रयोग आहेत आणि ते इतके सुंदर आहेत की सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यांनी घेतलं रायबोन्यूक्लिएज, आरएनए कापणारं छोटं एन्झाइम, १२४ अमिनो आम्लांचं. त्यात सिस्टीन ही गंधक असलेली अमिनो आम्लं आठ आहेत आणि ती दोन-दोन जोडून गंधकाचे चार पूल बनवतात. अॅनफिन्सेन यांनी ८ मोलर युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल यांचं मिश्रण वापरलं. युरियाने साखळीची घडी उलगडली, मर्कॅप्टोइथेनॉलने पूल तोडले. एन्झाइमचं काम बंद. मग दोन्ही रसायनं हळूहळू काढून टाकली, तर साखळी स्वतःच पुन्हा घडली, हवेतल्या ऑक्सिजनने पूल जुळले आणि काम जवळजवळ पूर्ण परत आलं. पेशी नाही, साचा नाही, काचेच्या भांड्यात फक्त साखळी आणि पाणी.

आता खरी गंमत. त्यांनी क्रम बदलला. युरिया तसाच ठेवून, म्हणजे साखळी उलगडलेली असतानाच, पूल जुळू दिले आणि युरिया नंतर काढला. काम परत आलं ते जेमतेम एक टक्का. का? आठ सिस्टीनच्या जोड्या किती प्रकारे लागतात ते मोज. पहिल्याला सात पर्याय, उरलेल्यांतल्या पुढच्याला पाच, मग तीन, मग एक. गुणाकार १०५. बरोबर जोडणी त्यातली एकच. आंधळेपणाने जोडलं तर १०५ पैकी एक, म्हणजे सुमारे एक टक्का. प्रयोगातला आकडा आणि कागदावरचा आकडा असे समोरासमोर येऊन उभे राहतात.

या चुकीच्या जोड्यांच्या मिश्रणातून युरिया काढल्यावर त्यात मर्कॅप्टोइथेनॉल अगदी थोडं टाकलं, तर काही तासांत काम पूर्ववत झालं. चुकीचे पूल तुटत गेले, नवे जुळत गेले आणि साखळी सगळ्यात स्थिर घडीपाशी जाऊन थांबली. म्हणजे घडी कशी पडायची ती माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच आहे. या कामासाठी त्यांना १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला.

शंकासुर

पण पेशीत तर चॅपरोन नावाची मदतनीस प्रथिनं असतात ना? मग साखळी स्वतः घडते हे अर्धसत्य नाही का?

सूक्ष्मदर्शी

बरीच प्रथिनं मोठी असतात आणि पेशीत दाटी असते. अर्धवट घडलेल्या साखळ्यांचे तेलकट भाग एकमेकींना चिकटून गोळा होण्याची भीती असते. चॅपरोन मुख्यतः ते टाळतात. अंतिम आकार काय असावा हे ते सांगत नाहीत.

@पहिलंवर्ष, ‘तेलकट भाग’ म्हणाले त्याचा अर्थ नीट लक्षात घे. पाण्याला नको असलेले गट आत दडतात तेव्हा त्यांना एकमेकांची फार ओढ असते असं नाही. पाणीच त्यांना आत ढकलतं. असा गट बाहेर असला की त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना शिस्तीत उभं राहावं लागतं. तो आत गेला की ते मोकळे होतात, एन्ट्रॉपी वाढते. हीच गोष्ट बिघडवून बघायची तर सिकलसेल आजार बघ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ऋण प्रभाराच्या ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन येतं. पृष्ठभागावर एक लहानसा तेलकट ठिपका, एवढाच बदल. ऑक्सिजन सुटला की तो ठिपका शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतो, त्यांचे लांब धागे होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

निवांत

थोडं अवांतर. ट्रान्स मेदाम्लांबद्दल खूप ऐकतो. सिस आणि ट्रान्समध्ये नुसत्या वळणाचा फरक, मग एवढा गाजावाजा कशाला?

उलटतपासणी

वळणानेच सगळं होतं. तीन मेदाम्लं घ्या, तिन्ही १८ कार्बनची. स्टिअरिक सरळ, वितळणबिंदू सुमारे ७० अंश सेल्सिअस. ओलिइकमध्ये मध्यावर एक सिस दुहेरी बंध, म्हणजे साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला, त्यामुळे साखळी वाकलेली, शेजारी शेजारी नीट रचता येत नाही, वितळणबिंदू सुमारे १३. इलेडिकमध्ये दुहेरी बंध त्याच जागी, रेणुसूत्रही ओलिइकचंच, पण ट्रान्स, म्हणजे दोन्ही भाग विरुद्ध बाजूंना, म्हणून साखळी जवळजवळ सरळ, वितळणबिंदू सुमारे ४५. पेशीपटल किती प्रवाही राहतं ते अशा वळणांवरही अवलंबून असतं. आरोग्याचा भाग वेगळ्या धाग्यात घ्या, नाहीतर हा धागा भरकटेल.

पहिलंवर्ष

मला वाटतं कोडं सुटलं. चुकलं तर सांगा. ग्लुकोज बसल्यावर हेक्झोकायनेजचा आकार बदलतो आणि ते मिटतं असं पुस्तकात वाचलं. झायलोज बसल्यावरही ते मिटत असणार, म्हणजे एटीपी फोडायची तयारी होते. पण फॉस्फेट ज्याने घ्यायचा तो सहाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल जागेवर नाही. तिथे पोकळी उरते. त्या पोकळीत पाण्याचा रेणू शिरतो आणि फॉस्फेट तोच घेतो. म्हणून एटीपी फुटतो, पण साखर तशीच राहते.

सूक्ष्मदर्शी

बरोबर. आता एक पाऊल पुढे टाक. पाण्याकडेही हायड्रॉक्सिल आहे आणि पेशीत पाण्याचे रेणू ग्लुकोजपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहेत. एन्झाइम आधीपासूनच मिटलेलं आणि सज्ज असतं तर फॉस्फेट जवळजवळ प्रत्येक वेळी पाण्याने पळवला असता आणि एटीपी फुकट गेला असता. साखर बसल्यावरच मिटायचं आणि मिटताना पाणी बाहेर लोटायचं, यामुळे ते टळतं. डॅनियल कोशलंड यांनी १९५८ मध्ये हा विचार मांडला तेव्हा एमिल फिशर यांची १८९४ ची कुलूप-किल्लीची कल्पना सगळीकडे रुजलेली होती. न बदलणाऱ्या कुलपाने पाणी कसं अडेल, हे मात्र त्या कल्पनेतून सांगता येत नव्हतं.

पहिलंवर्ष

आभार ताई. पुढचं प्रकरण ग्लायकोलिसिसचं आहे. त्यात सुरुवातीलाच दोन एटीपी खर्च करतात आणि नंतर चार मिळवतात. आधी खर्च का, ते वाचून बघतो आणि अडलो तर इथेच येतो.

सूक्ष्मदर्शी

ये. वाचताना एवढं बघ की पहिला फॉस्फेट लागल्यावर ग्लुकोजवर ऋण प्रभार आला. आता ती पेशीपटलातून परत बाहेर जाऊ शकेल का?